वण, घाम आणि कडबाकुट्टी

फिजिओथेरपीला आलेल्या बहुतेकांना वाटतं, आपलं काम म्हणजे गुडघे, कंबर आणि मान. मलाही वाटायचं. माझ्या साडेचार वर्षांच्या डिग्रीतले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे होते. माझ्या पहिल्याच आठवड्यात कडबाकुट्टीत सापडलेला हात समोर आला. पारोळ्याकडचे शेतकरी काका, पंजाच्या पाठीवर आडवा वण, तीन बोटं मिटेनात.

टाके निघाले म्हणजे जखम भरली, असं मी धरून चालले. वणाच्या टोकाला बारीक खपली होती. तेल लावून चोळायला घेतलं आणि तिथून पाणी आलं. मॅडम ओरडायच्या आत काकाच म्हणाले, "राहू दे माय." तेव्हापासून हात लावण्याआधी उजेडात नीट बघते. खपली किंवा ओल असेल तर थांबायचं. गरमपणा, ठणका, पू दिसला तर आधी सर्जनकडे. तिसऱ्या आठवड्यात वणाची ताकद मूळ कातडीच्या जेमतेम 20 टक्के असते आणि पुढे कितीही वाढली तरी 80 टक्क्यांच्या आसपासच थांबते.

मालिश सोपी दिसते, तिथेच नवखे फसतात. वरवर तेल फिरवलं म्हणजे मालिश नव्हे. अंगठा वणावर ठेवा, कातडी फिकी पडेल इतका दाब द्या आणि खालच्या थरावरून वण सरकवा: गोल, उभा, आडवा. पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. नुसत्या मालिशीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. उंचावलेल्या वणासाठी सिलिकॉनची पट्टी जास्त भरवशाची, आणि सांध्यावरच्या वणाला व्यायाम आणि रात्रीचा स्प्लिंट (सांधा योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार) हवाच.

पट्टी रोज किमान 12 तास, दोन-तीन महिने लावायची असते. भाजलेल्यांचे प्रेशर गार्मेंट, म्हणजे वण दाबून धरणारे घट्ट कपडे, तर 23 तास. आता मे महिन्यातलं भुसावळ डोळ्यासमोर आणा, पारा 45 च्या घरात. माझ्या काकांना पट्टीखाली घामोळ्या आल्या, त्यांनी ती काढून खुंटीला टांगली आणि मला सांगितलंही नाही. मीच चुकले होते. त्यांचा दिवस कसा जातो हे न विचारता तास सांगून मोकळी झाले होते. मग पट्टी संध्याकाळी शेतातून आल्यावर हातपाय धुऊन लावायची ठरली. आधी चार तास, मग हळूहळू रात्रभर. पट्टीही रोज सौम्य साबणाने धुवायची. दिवसा उन्हापासून वण झाकायला जुना सुती मोजा, बोटं कापून.

आणखी एक. वण जखमेच्या हद्दीतच उंचावला असेल तर तो आपल्या हातातला. हद्द ओलांडून पसरू लागला तर तो कीलॉइड, तो त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. मालिशीने जाईल असं सांगू नका.

बोलीचंही भान ठेवा. पारोळ्याकडे "दुखस का?" विचारलं की माणूस खरं बोलतो. तीच अहिराणी यावल-रावेरला चालवाल तर तिथले हसतील, त्यांची लेवा बोली वेगळी.

चौथ्या महिन्यात काका पिशवीतून निंदणीचा विळा घेऊन आले. मूठ आवळून दाखवली. करंगळी तळव्यापासून दीड सेंटिमीटर लांब होती. "कापूस वेचायला करंगळी लागत नाही," म्हणाले. मी आकडा वहीत लिहिला आणि पुढच्या मंगळवारी बोलावलं.