स्नूकर शिकताय? आधी क्यू सरळ जाऊ द्या

नवा खेळाडू टेबलापाशी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पांढरा बॉल मागे कसा ओढायचा? कोणीतरी हौसेने दाखवतो आणि पुढचा महिनाभर हा गडी बॉलच्या बुडाशी क्यूची, म्हणजे खेळायच्या काठीची, टिप (पुढचं टोक) खुपसून कापडाची वाट लावतो. स्क्रू (पांढरा मागे ओढणं), साइड (त्याला बाजूची फिरकी देणं), स्वर्व्ह (त्याला वळवत नेणं) हे सगळं नंतर. आधी क्यू सरळ जायला हवा.

नियम तूर्त एवढेच पुरेत. पांढऱ्याने एक लाल खिशात घालायचा (पॉट करायचा), मग एक रंगीत, पुन्हा लाल. लालचा १ गुण. पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. लाल शिल्लक असेपर्यंत पॉट केलेला रंगीत बॉल परत आपल्या जागी येतो. लाल संपले की रंगीत याच क्रमाने. फाउल झाला की समोरच्याला किमान ४ गुण.

महागडा क्यू घेऊ नका. क्लबातला चालतो, फक्त एक डोळा मिटून तो वाकलेला नाही ना आणि टिप धड आहे ना, हे बघा. टिपेला खडू प्रत्येक शॉटआधी.

नेम उभं राहून धरायचा, वाकल्यावर नाही. ज्या रेषेत बॉल मारायचा तिच्या मागे उभे राहा, उजव्या हाताने खेळत असाल तर उजवं पाऊल त्या रेषेवर टाका आणि सरळ खाली या. हनुवटी क्यूला टेकू द्या, छातीलाही क्यू लागू द्या. डाव्या हाताची बोटं पसरून कापडावर दाबा, अंगठा वर उचलून क्यूसाठी खाच करा, पांढऱ्यापासून साधारण वीतभर अंतर ठेवा. खाली आल्यावर नेम चुकलाय असं वाटलं तर तिथेच कुल्ले सरकवत बसू नका. उठा, पुन्हा खाली या.

आता मागचा हात. माझं घोडं इथेच अडलं होतं आणि बहुतेकांचं इथेच अडतं. 'क्यू घट्ट धर, म्हणजे हलणार नाही' हा सल्ला देणारा प्रत्येक क्लबात एक असतोच. त्याचं ऐकू नका. मूठ आवळली की मनगट वळतं, मनगट वळलं की टिप दोन-तीन मिलिमीटर बाजूला लागते आणि पांढऱ्याला नकळत साइड मिळते. शॉट हुकतो आणि आपण नेमाला दोष देतो.

क्यू बोटांवर नुसता विसावला पाहिजे. तो मागे नेताना करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपोआप सैल पडायला हवं; ती आवळलेलीच राहिली तर क्यूचं मागचं टोक वर उचललं जातं. टिप पांढऱ्याजवळ असताना कोपरापासून खालचा हात सरळ खाली लोंबता हवा. हलायचा तोच, घड्याळाच्या लंबकासारखा. खांदा जागचा हलता कामा नये.

दोन-तीनदा क्यू हलकेच पुढे-मागे करा, मग टिप बॉलजवळ आणून थांबा. नजर पांढऱ्याने ज्या बॉलला मारायचं त्याच्यावर न्या. क्यू सावकाश मागे, क्षणभर थांबा, मग पुढे. हे मागचं थांबणं घाईत सगळेच गाळतात आणि हिसका तिथेच बसतो. बॉल लागल्यावरही क्यू पुढे जाऊ द्या आणि पांढरा थांबेपर्यंत डोकं वर काढू नका. बॉल गेला का ते बघायला उठायची सवय लागली की ती सुटता सुटत नाही.

हात सरळ जातोय का, हे टेबलच सांगतं. बाकीचे बॉल बाजूला काढून पांढरा तपकिरीच्या खुणेवर ठेवा. निळ्या, गुलाबी, काळ्याच्या खुणांवरून थेट समोरच्या कुशनवर (टेबलाच्या रबरी कडेवर) मारा. क्यू जिथे थांबला तिथेच राहू द्या. बॉल परत येऊन टिपेला लागला पाहिजे. जातानाच खुणा सोडून भरकटला, तर उभं राहण्यात किंवा नेमात गडबड. जाताना सरळ गेला पण कुशनवरून उजवीकडे फुटला, तर टिप उजवीकडे लागतेय. डावीकडे फुटला तर डावीकडे. आधी हळू मारा, मग जोर वाढवा. हळू मारताना लपलेला दोष जोर लावला की उघडा पडतो. कंटाळवाणं आहे, मान्य. तरी रोज खेळायच्या आधी हे करा.

हे जमलं की कट, म्हणजे बॉल कोनात मारणं. अर्ध्या बॉलपासून सुरुवात करा: पांढऱ्याचा मध्य समोरच्या बॉलच्या कडेवर रोखायचा. तो बॉल साधारण ३० अंशात सुटतो. हा एक कोन डोळ्यात बसला की जाड-बारीक (कमी-जास्त कोनाचे) कट त्यावरून अंदाजता येतात.

पहिल्या फ्रेमला (डावाला) १५ लाल मांडू नका, ६ पुरेत. पंधरांच्या गर्दीत नवखे दोघं तासभर नुसते बॉल इकडून तिकडे ढकलत राहतात.