मुलांच्या वॉर्डात रंग घेऊन जाण्यापूर्वी

खरेदीला निघण्याआधी वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जना भेटा. आपलं मूल जिथे बरं झालं त्या खोल्या हसऱ्या दिसाव्यात म्हणून आभारादाखल सजावट करायची आहे, एवढं सांगा आणि मग त्या काय म्हणतात ते लिहून घ्या. मुलं साधारण कोणत्या वयाची आहेत, कुणाला संसर्ग टाळण्यासाठी वेगळं ठेवलंय, भिंतीला काय चिकटवलेलं चालतं, हे त्याच सांगू शकतात. वय तर विचाराच. मुलांच्या वॉर्डात पंधरा वर्षांची मुलंही असतात आणि ससे-अस्वलांच्या चित्रांखाली झोपायचा त्यांना संकोच वाटतो. जमलं तर मुलांनाच विचारा. २००८ मध्ये इंग्लंडच्या शेफील्ड विद्यापीठाने रुग्णालयांच्या सजावटीविषयी अडीचशेहून अधिक मुलांची मतं घेतली, तेव्हा विदूषकाची चित्रं मुलांना आवडत नाहीत, काहींना तर त्यांची भीती वाटते, असं दिसलं. मोठ्यांना मात्र विदूषक हमखास सुचतो.

परवानगी मिळाली की रिकाम्या खाटेवर उशीला डोकं टेकून खोली पाहायला मिळेल का, तेही विचारा. माझ्या मते संपूर्ण तयारीत यापेक्षा महत्त्वाचं काही नाही. दारातून सुंदर दिसणारी भिंत बहुतेक वेळा खाटेच्या डोक्यामागे असते, म्हणजे ती फक्त भेटायला येणाऱ्यांना दिसते. सलाइन लावून पडलेल्या मुलाला दिसतं ते छत, पायाकडची भिंत आणि खिडकी. चित्रं तिथेच हवीत. खिडकीबाहेर झाड असेल तर तिच्यावर काही लावूच नका. संशोधक रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली होती. ते रुग्ण प्रौढ होते, पण झाडाकडे बघून बरं वाटायला वयाची अट कशाला?

सामान निवडताना पहिली कसोटी ही लावा: जंतुनाशकाने पुसता किंवा धुता येतं का? लॅमिनेट केलेली चित्रं, प्लास्टिकचे स्टिकर, धुता येणारी नवी चादर चालेल. घरातली जुनी मऊ खेळणी नकोत. ताजी फुलं आणि कुंड्या मनातून काढून टाका, कारण माती आणि फुलदाणीतलं पाणी यांत बुरशी व जिवाणू वाढतात आणि केमोथेरपी किंवा प्रत्यारोपण झालेल्या मुलाला त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. रबरी फुगेही नकोत. काही मुलांना लॅटेक्सची, म्हणजे फुग्याच्या रबराची, तीव्र ॲलर्जी असते, शिवाय फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशात अडकू शकतो. चकचकीत चुरा, सुगंधी वस्तू, मेणबत्त्या वगळा. ऑक्सिजन चालू असलेल्या ठिकाणी ठिणगीसुद्धा नको. बटणासारखी गोल बॅटरी असलेलं खेळणं स्क्रूने बंद होत नसेल तर घेऊ नका. ती गिळून अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत आतून भाजू शकतं.

लावताना ऑक्सिजनचे पॉइंट, मॉनिटर, बोलावण्याची घंटी, धुराचा सेन्सर आणि परिचारिका ज्यातून मुलावर नजर ठेवतात ती काच मोकळी राहिली पाहिजे. चिकटपट्टी रंग न उखडणारी घ्या. सोबत येणारी माणसं मोजकी ठेवा. सर्दी, ताप, जुलाब असलेल्याने त्या दिवशी घरी राहावं, कितीही वाईट वाटलं तरी. प्रत्येक खोलीत शिरताना आणि निघताना हाताला सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं. फोटो काढायचेच असतील तर रिकाम्या भिंतीचे काढा.

आता आभाराच्या मजकुराबद्दल, आणि इथे घाई करू नका. ‘आमचं बाळ या खोलीतून ठणठणीत होऊन घरी गेलं’ हे वाक्य तुम्हाला आनंदाचं वाटेल. त्याच खाटेवर ज्यांचं मूल बरं होण्याची खात्री डॉक्टर देऊ शकलेले नाहीत, त्या आईला ते रोज वाचावं लागेल. हा आनंद परिचारिकांच्या खोलीत लावायच्या पत्रात भरभरून लिहा. त्या पत्रात रात्रपाळीच्या सिस्टर, सफाई करणाऱ्या मावशी, वॉर्डबॉय यांचा उल्लेख राहून जाऊ देऊ नका. मुलाच्या खोलीत नावगाव न लिहिता नुसतं चित्र पुरे.

पिशवीत पुसायचे ओले वाइप्स, कात्री, जास्तीची चिकटपट्टी आणि उंचावर लावायचं असल्यास रुग्णालयाचीच शिडी मिळेल का याचं उत्तर असू द्या. शेवटी सिस्टरांबरोबर ठरवा की ही सजावट कधी काढायची आणि कोण काढणार. फाटलेलं, कडा सुटलेलं चित्र धूळ धरतं, आणि ते उतरवण्याचं काम आधीच दमलेल्या माणसांवर पडू नये. ती तारीख तुमच्याच फोनमध्ये टाका.