जुन्या मारुतीचे इंजिन बदलताना या चुका टाळा

गोव्यात नवशिक्याच्या हाती पहिली गाडी म्हणून अनेकदा जुनी मारुती ८००, झेन किंवा आल्टो येते, आणि चोर्ला किंवा अनमोड घाटात तिची ओढ कमी पडू लागली की ‘इंजिनच बदलून टाक’ हा सल्ला हमखास मिळतो. पहिली चूक येथेच होते, कारण इंजिन खरोखर संपले आहे काय, हे तपासले जात नाही. प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, आधी मोजून घ्यावे. सर्व आकडे चांगले आणि जवळजवळ सारखे आले, तर दोष घसरणाऱ्या क्लच प्लेटमध्ये, पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरमध्ये किंवा इग्निशनमध्ये असण्याचा संभव अधिक. एखादा आकडा पडलेला दिसल्यास त्या सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. यांपैकी बहुतेक दोषांवर इंजिनबदलापेक्षा पुष्कळ स्वस्त उपाय आहे.

दुसरी चूक मोठ्या इंजिनाच्या मोहाची. मारुती ८०० चे मूळ इंजिन तीन सिलिंडरांचे, ७९६ सीसीचे. त्याच्या जागी वॅगन आरचे १०६१ किंवा एस्टीमचे १२९८ सीसी इंजिन बसवले, की माउंटिंग (इंजिन बॉडीवर धरणारे आधार), ड्राइव्हशाफ्ट, गिअरबॉक्स आणि रेडिएटर बदलावे लागतात, आणि १२ इंची चाकांमागचे ब्रेक मात्र कमी ताकदीच्या गाडीचेच राहतात. घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम काटेकोरपणे लावले आहे. थर्ड पार्टी विम्याचा हप्तासुद्धा १००० सीसीच्या वर वेगळ्या गटात जातो. विमा कंपनीला अंधारात ठेवून चालवलेल्या गाडीचा दावा अपघातानंतर नाकारला जाऊ शकतो. म्हणून नवशिक्याने त्याच मॉडेलचे, त्याच इंधनाचे इंजिनच घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘सीसी तेवढीच आहे’ एवढ्यावर विसंबणेही घातक ठरते. आल्टोचे इंजिनही ७९६ सीसीचेच, पण ते बारा व्हॉल्व्हचे आणि एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरांनी पेट्रोल फवारणारे, आहे. कार्बोरेटरच्या ८०० मधला पंप अगदी कमी दाबाने पेट्रोल देतो, तर इंजेक्टरांना साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो. म्हणजे पंप, पाइप, ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), सेन्सर आणि पूर्ण वायरिंग हे सारे सोबत आले पाहिजे. इमोबिलायझर, म्हणजे चोरी रोखणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत किल्ली आणि ईसीएम यांची जोडी असते; तो ईसीएम किल्लीवाचून आणला, तर स्टार्टर फिरेल पण गाडी सुरू होणार नाही.

भंगारवाल्याकडून इंजिन घेताना त्यावरचा क्रमांक ते ज्या गाडीतून काढले तिच्या आरसीशी स्वतः जुळवून पाहावा, पक्की पावती घ्यावी, आणि क्रमांक खरवडलेला दिसला तर तेथून निघून यावे. बदलासाठी वाहतूक खात्याच्या आपल्या कार्यालयाची मंजुरी आधी घ्यावी आणि नवा क्रमांक आरसीवर नोंदवून घ्यावा. हे राहून गेल्यास पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाच्या तपासणीत क्रमांक जुळत नाही आणि गाडी अडकून पडते.

इंजिन बाहेर असतानाच मागचा ऑइल सील, क्लच प्लेट, वॉटर पंप आणि असल्यास टायमिंग बेल्ट बदलावा. नंतर सीलसाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी सीलच्या किमतीहून कितीतरी अधिक पडते.

बसवल्यावर गाडी सुरू होत नसेल, तर ईसीएमला दोष देण्याआधी अर्थच्या, म्हणजे इंजिन बॉडीशी जोडणाऱ्या, तारा पाहाव्यात. खाऱ्या हवेने त्यांच्या टोकांवर गंज धरतो आणि बॉडीवरचा रंग न घासता बोल्ट आवळला तरी संपर्क होत नाही. इंजिन तापत असेल, तर कूलंटमध्ये हवा अडकली आहे काय आणि रेडिएटरचा पंखा वेळेवर चालू होतो काय, हे तपासावे. थांबलेल्या गाडीत स्टिअरिंग थरथरत असेल, तर माउंटिंगचे बोल्ट सैल करावेत, इंजिन मोकळे हलवून आपल्या जागी बसू द्यावे आणि मगच ते क्रमाने आवळावेत.