स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रियांचे ऑडिट: थिसिससाठी हा विषय घेणाऱ्यांना काही सूचना

एमएस सर्जरीच्या पहिल्या वर्षी थिसिसचा विषय शोधताना ‘स्तनकर्करोगाच्या शस्त्रक्रिया मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे होतात का’ हा प्रश्न अनेकांना सोयीचा वाटतो, कारण नव्याने रुग्ण गोळा करावे लागत नाहीत आणि जुने केसपेपर रेकॉर्ड विभागात असतातच. मी एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात याच विषयावर काम केले. ‘पाळले’ आणि ‘पाळले नाही’ असे दोन रकाने भरणे हे त्यातले सर्वांत सोपे आणि सर्वांत कमी उपयोगाचे काम आहे, हे सिनॉप्सिस (थिसिसचा आराखडा) लिहिण्याआधीच लक्षात घ्यावे.

मोजायचे कशाशी, हे आधी ठरवा. अमेरिकेतील एनसीसीएन या कर्करोग केंद्रांच्या संघटनेची तत्त्वे सहज मिळतात, पण ती गृहीत धरतात त्या सोयी आपल्याकडे सगळीकडे नाहीत. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याची तत्त्वे भारतातील परिस्थितीसाठी लिहिलेली असल्याने मी ती मुख्य मानली. प्रत्येक रुग्णाला तिच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी लागू असलेलेच तत्त्व लावायचे, हा नियमही सुरुवातीलाच करून ठेवा. स्तन वाचवणाऱ्या शस्त्रक्रियेत काढलेल्या भागाला बाहेरून लावलेली शाई कर्करोगापर्यंत पोहोचलेली नसेल तर आक्रमक (आजूबाजूच्या ऊतींत शिरलेल्या) कर्करोगासाठी मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीची निरोगी कड, पुरेसे मानावे, ही अमेरिकी संघटनांची संयुक्त शिफारस २०१४ ची आहे. त्याआधी एक मिलिमीटर मार्जिनसाठी पुन्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला आजच्या फूटपट्टीने मोजणे अन्यायाचे ठरेल.

सर्वांत जास्त वेळ द्यावा असा भाग म्हणजे स्तन वाचवता आला असता, तरी पूर्ण काढला गेला, अशा रुग्णांचे केसपेपर. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एनएसएबीपी बी-०६ या रुग्णांवरील उपचार-चाचणीच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांनुसार स्तन काढलेल्या आणि केवळ गाठ काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मर्यादेत फरक नव्हता. मात्र गाठ काढून किरणोपचार न दिलेल्या गटात त्याच स्तनात कर्करोग परतण्याचे प्रमाण ३९.२ टक्के होते आणि किरणोपचार दिलेल्या गटात १४.३ टक्के. म्हणजे स्तन वाचवण्याचा निर्णय हा रेडिएशन पूर्ण होईल या भरवशावरचा निर्णय असतो. रेडिएशनचे मशीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे, शहरात राहण्याची सोय नाही आणि घरची शेतीची कामे थांबत नाहीत, अशा परिस्थितीत रुग्णाने समजून-उमजून मॅस्टेक्टॉमी (पूर्ण स्तन काढणे) निवडली असेल, तर ते तत्त्वांचे उल्लंघन नव्हे. पण रुग्णाला पर्याय सांगितल्याची एक ओळही केसपेपरवर नसेल, तर हा निर्णय तिचा होता की युनिटच्या (सर्जनच्या पथकाच्या) सवयीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. रेडिएशनचा काळ पूर्वीच्या पाच आठवड्यांवरून बहुतेक ठिकाणी तीन आठवड्यांवर आल्याने हे जुने कारणही पूर्वीइतके भक्कम राहिलेले नाही, असे माझे मत आहे.

काखेतील लसिका ग्रंथींबाबत आकड्यांवर विसंबू नका. पूर्ण काख साफ केल्यावर निदान दहा ग्रंथी मिळाव्यात असा संकेत आहे. परंतु रिपोर्टमध्ये सहाच आल्या तर सर्जनने कमी काढल्या की पॅथॉलॉजिस्टला चरबीत सापडल्या नाहीत, हे त्या आकड्यावरून कळत नाही. सेंटिनल नोडच्या, म्हणजे कर्करोग सर्वांत आधी जिथे पोहोचतो त्या ग्रंथीच्या, बाबतीत किरणोत्सारी द्रव्य आणि ते शोधणारा गॅमा प्रोब नसतील तर निळा डाय वापरून, किंवा टाटा स्मारक रुग्णालयाने अभ्यासलेल्या काखेच्या खालच्या भागातील सॅम्पलिंगच्या पद्धतीने, काम करता येते. त्याची नोंद ‘सोय नव्हती’ अशी करू नये. २०११ च्या झेड००११ चाचणीचा आधारही जपून घ्यावा. एकदोन सेंटिनल ग्रंथींत कर्करोग असूनही काख साफ न करण्याची मुभा तिने दिली ती पाच सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या, स्तन वाचवलेल्या आणि नंतर संपूर्ण स्तनाला रेडिएशन मिळालेल्या स्त्रियांपुरती. आपल्याकडे मोठी गाठ घेऊन येणाऱ्या आणि आधी केमो घेतलेल्या रुग्णांना ती लागू होत नाही.

ऑपरेशन थिएटरच्या आधी काय घडले, याचा रकाना तक्त्यात अवश्य ठेवा. ट्रूकट बायोप्सी (जाड सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणे) न करता बाहेर कुठेतरी ‘साधी गाठ’ म्हणून काढलेली आणि नंतर कर्करोग निघाला म्हणून पाठवलेली रुग्ण आली की पुढच्या युनिटने कितीही नियमाने काम केले तरी मूळ गाठीचा आकार, मार्जिन आणि कधीकधी ईआर, पीआर व हर२ या पुढची औषधे ठरवणाऱ्या तपासण्यांचे अहवालही हाती लागत नाहीत. अशा रुग्ण एकूण संख्येत मिसळल्या तर दोष चुकीच्या ठिकाणी दिसतो. त्यांचा स्वतंत्र गट करा.

तक्त्यात ‘पाळले’, ‘कारण नोंदवून बदलले’, ‘कारणाशिवाय बदलले’ आणि ‘नोंद नाही’ असे चार रकाने ठेवा. वादाचे केसपेपर दुसऱ्या रेसिडेंटकडून स्वतंत्रपणे वाचून घ्या, आणि त्याला युनिटचे नाव दिसू देऊ नका, कारण आपल्याच सरांच्या केसपेपरबाबत सगळेच जरा उदार होतात. शेवटच्या रकान्याची संख्या विभागाच्या बैठकीत मांडताना थोडी अडचण होते. तरी ती पहिल्या तीन रकान्यांत वाटून टाकू नये.