कोकणातून युरोपात बिऱ्हाड करताना

परदेशातल्या नोकरीचे पत्र हाती पडले की चिपळूण-गुहागरकडच्या घरांत सगळ्यांचे लक्ष थंडीच्या कपड्यांकडे आणि बॅगांच्या वजनाकडे लागते. नवरा-बायको दोघांनी जायचे असेल, तर तिथल्या संसाराची निम्मी घडी गावातच बसवावी लागते, आणि ती बसते ग्रामपंचायत, तलाठी कार्यालय आणि बँक या ठिकाणी. आम्ही दोघे नेदरलँड्समधील हेग शहरात राहत असल्यामुळे पुढील उदाहरणे मुख्यतः त्या देशातील आहेत. इतर देशांत कार्यालयांची नावे आणि मुदती बदलतात. कामांचा क्रम फारसा बदलत नाही.

सर्वांत आधी विवाह नोंदणी. लग्न गावात झाले असेल तर त्याची नोंद ग्रामसेवकाकडे होते, आणि एकाच्या नोकरीवर दुसऱ्याला नेण्याचा सगळा डोलारा या एका दाखल्यावर उभा असतो. दाखला छापून येण्यापूर्वी मसुदा समोर घेऊन दोघांचे पासपोर्ट शेजारी उघडे ठेवावेत आणि एकेक अक्षर ताडून पाहावे. पासपोर्टवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे नाव आणि दाखल्यावर इंग्रजीत तिसरेच स्पेलिंग, हा प्रकार आपल्याकडे फार आढळतो. गावी तो कोणाला खटकत नाही, परंतु युरोपातील नगरपालिकेचा कारकून तिथेच थांबतो. वडिलांचे किंवा पतीचे मधले नाव पासपोर्टवर ज्या रकान्यात आहे, त्याच रकान्यात ते सर्वत्र लिहावे. नेदरलँड्समध्ये लग्नामुळे कोणाचे आडनाव बदलत नाही. त्यामुळे पासपोर्टवर माहेरचे आडनाव असलेल्या पत्नीला तिथे काहीही अडचण येत नाही, आणि केवळ परदेशी जायचे म्हणून घाईने नाव बदलण्याची गरज नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

विवाहाचा आणि दोघांच्या जन्माचा दाखला आधी राज्य शासनाकडून साक्षांकित करून घ्यावा आणि नंतर त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा यासाठीचा शिक्का घ्यावा. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे आणि नेदरलँड्स हा शिक्का मानतो, परंतु प्रत्येक देश तो मानतोच असे नाही. म्हणून ज्या देशात जायचे त्याच्या दूतावासाचे नियम वाचल्याशिवाय एजंटाला पैसे देऊ नयेत.

कोकणातील माणसाचा जीव जमिनीत असतो, आणि या बाबतीत कायदा कडक आहे. नोकरीसाठी देश सोडल्यावर परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने आपण अनिवासी होतो. अनिवासी भारतीयाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. आधीपासून नावावर असलेली जमीन ठेवता येते, वारशानेही ती येऊ शकते. पण विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीलाच विकावी लागते. म्हणून काकांचा आंब्याच्या बागेतील हिस्सा विकत घेण्याचे बोलणे चालू असेल, तर खरेदीखत जाण्यापूर्वी पूर्ण करावे. सातबाऱ्यावर वारस नोंद राहिली असेल तर तीही उरकून घ्यावी, कारण पुढे प्रत्येक भावंडाची सही जमवणे सुट्टीच्या चार दिवसांत होत नाही. मागे राहणाऱ्या भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र द्यायचे असेल, तर ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवूनच निघावे आणि त्यात नेमकी कामे लिहावीत: बाग हंगामापुरती करारावर देणे, वीजबिल, घरपट्टी, पीक विमा. जमीन विकण्याचा अधिकार सहजासहजी त्यात घालू नये. परदेशातूनही हेगच्या भारतीय दूतावासात साक्षांकन करून मुखत्यारपत्र पाठवता येते. मात्र ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. गावच्या बँकेतील बचत खाते अनिवासी झाल्यावर तसेच चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या रुपयातील खात्यात बदलून घ्यावे लागते. शाखेत प्रत्यक्ष जाऊन हे काम समजून घेतले, की पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

आता सामान. आईच्या हातचे काय नेता येईल, हा प्रश्न भावनेचा असला तरी उत्तर नियमांत आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेता येत नाहीत; म्हणजे तूप, पेढे आणि खरवस घरीच राहिले. २०१९च्या डिसेंबरपासून ताजी फळे आणि भाज्या नेण्यासाठी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते, त्यामुळे हापूसची पेटी आणि कढीपत्त्याची जुडी बॅगेत घालू नये. फळमाशीच्या कारणावरून युरोपीय संघाने मे २०१४पासून भारतीय आंब्याची आयातच थांबवली होती आणि ती २०१५च्या सुरुवातीला उठवली, हे लक्षात घेतले की तपासणी एवढी काटेकोर का असते ते समजते. या प्रमाणपत्रातून केवळ पाच फळांना सूट आहे: अननस, केळे, खजूर, डुरियन आणि आपला नारळ! सुके खोबरे मात्र विमान कंपन्या नेऊ देत नाहीत, कारण त्यातील तेलामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरले जाते. अख्खा नारळही नेण्यापूर्वी कंपनीला विचारावे.

मासळीची बातमी चांगली आहे. स्वतःच्या खाण्यासाठी माणशी २० किलोपर्यंत मासे आणि मासळीचे पदार्थ नेता येतात, त्यामुळे सोडे, सुकट आणि बोंबील यांना आडकाठी नाही. सुकट निवडून डोकी काढावीत, मंद आचेवर कोरडी भाजून पूर्ण गार करावी, हवा काढून घेतलेल्या दोन पिशव्यांत एकात एक अशी बंद करावी आणि वर इंग्रजीत पदार्थाचे नाव लिहावे. न भाजलेली सुकट अर्ध्या प्रवासात सगळ्या कपड्यांना आपला वास देते. आमसुले, कुळथाचे पीठ, मालवणी मसाला, तिरफळे आणि आंबापोळी आठवणीने घ्यावीत. तूरडाळ, तांदूळ आणि हळद तिथल्या आशियाई दुकानांत मिळतात, त्यांचे वजन वाहू नये.

पोचल्यावर पहिले काम नगरपालिकेत नाव नोंदवण्याचे. तिथे नागरिक सेवा क्रमांक मिळतो आणि त्याशिवाय पगार, बँक, विमा काहीच पुढे सरकत नाही. आरोग्य विमा चार महिन्यांच्या आत घ्यावाच लागतो आणि हप्ता पहिल्या दिवसापासूनचा भरावा लागतो, म्हणून उशीर करून काही वाचत नाही. वर्षाला ३८५ युरोपर्यंतचा उपचारखर्च आपल्या खिशातून जातो, परंतु कुटुंब डॉक्टरकडे जाणे यातून वगळलेले आहे. थेट तज्ज्ञाकडे जाण्याची आपली सवय तिथे चालत नाही. घराजवळच्या कुटुंब डॉक्टरकडे दोघांची नावे पहिल्याच आठवड्यात नोंदवावीत. उच्चकुशल नोकरदाराच्या जोडीदाराला नेदरलँड्समध्ये वेगळ्या परवान्याशिवाय काम करता येते. ही गोष्ट दोघांनी निघण्यापूर्वीच जाणून घ्यावी आणि पदवीची कागदपत्रे दोघांचीही न्यावीत, कारण एकट्याने घरात बसून काढलेला तिथला पहिला हिवाळा फार जड जातो. डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधार पडतो.

स्वयंपाकाचा प्रश्न हेगमध्ये सोपा होतो, कारण शहरातच स्खेवेनिंगेनचे मासळी बंदर आहे आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनाममधून आलेल्या, भारतीय वंशाच्या हिंदुस्तानी लोकांची दुकानेही आहेत. तिथला बांगडा आपल्या बांगड्याचा भाऊबंद असला तरी जास्त तेलकट असतो. तिखल्याला तेल निम्मे घालावे आणि आमसुले दोन वाढवावीत. आपल्याकडे १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, नेमक्या त्याच दिवसांत तिथे हेरिंगचा नवा हंगाम सुरू होतो. घरी फोन करण्यासाठी तिथली दुपारची जेवणाची सुट्टी उत्तम, कारण घड्याळातील अंतर उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचे असते; संध्याकाळी कामावरून परतल्यावर फोन लावला तर गावी निजानीज झालेली असते.

प्रवासासाठी एक नियम पाठ असावा: शेंगेन म्हणजे आपसांतील सीमांवर सहसा तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांचा गट; त्यातील एका देशाचा निवास परवाना असला, तर बाकीच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत वेगळ्या व्हिसाशिवाय फिरता येते. पासपोर्ट आणि परवाना दोन्ही जवळ ठेवावेत. हल्ली या क्षेत्रात २९ देश आहेत. आयर्लंड आणि ब्रिटन त्यात नाहीत. सात दिवसांत पाच राजधान्या हा बेत मी कोणालाच सुचवणार नाही. आठवड्याच्या सुट्टीत घरून निघून डेल्फ्ट, लायडन, अँटवर्प अशी गावे पाहावीत आणि मोठ्या सुट्टीत एकाच प्रदेशात मुक्काम करावा. युरोपात राहणाऱ्यांना, नागरिकत्व कोणतेही असो, अनेक देशांतील रेल्वेवर चालणारा इंटररेल पास मिळतो; भेटीला आलेल्या आईवडिलांना तसाच युरेल पास घ्यावा लागतो. बऱ्याच वेगवान गाड्यांत पासखेरीज आसनाचे आरक्षण वेगळे करावे लागते, हे पास घेतानाच हिशेबात धरावे. गाडीला तासाभराहून अधिक उशीर झाल्यास भाड्याचा २५ टक्के आणि दोन तासांहून अधिक झाल्यास ५० टक्के परतावा सहसा मागता येतो, म्हणून तिकीट टाकून देऊ नये.

आईवडिलांना बोलावताना बहुतेक जण ट्यूलिपचा हंगाम डोळ्यांपुढे ठेवतात. पण मार्च ते मे हा बागायतदाराच्या घरी आंब्याचा हंगाम असतो, जून-जुलैत भातलावणी असते आणि गणपतीला घर सोडून कोणी येत नाही. लावणी उरकल्यापासून गणपतीपर्यंतचे दिवस त्यांच्यासाठी खरे मोकळे असतात, तिथे उन्हाळाही असतो आणि उजेड रात्री नऊपर्यंत टिकतो. या बेतासाठी व्हिसाचा अर्ज आंबा संपता संपता, मेअखेरीस करावा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. शुल्क माणशी ९० युरो आहे, विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि बोटांचे ठसे देण्यासाठी त्यांना स्वतः जावे लागते. मुंबईला जाणार असतील तर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक सुरू होण्याआधीची तारीख घ्यावी. त्यांच्या मुक्कामाच्या हमीपत्रावर आपण नेदरलँड्समधील नगरपालिकेत सही करून ते साक्षांकित करून घ्यावे आणि मूळ प्रत टपालाने आधीच गावी पाठवावी.