बादलीला फेविक्विक का धरत नाही, आणि मग काय करायचं

बादलीला तडा गेला की लोक आधी फेविक्विक आणतात, तासभर बरं वाटतं आणि पाणी भरून उचलली की परत तीच चीर. फेविक्विक खराब नसतं हो, बादली पीपी (पॉलिप्रॉपिलीन) नाहीतर एचडीपीईची (एक प्रकारचं घट्ट पॉलिथिन) असते आणि या दोघांना साधा कुठलाच गोंद धरत नाही, एमसीलसुद्धा सुकली की खपलीसारखी निघून येते. म्हणून आधी प्लास्टिक कुठलं ते बघा, चिकटवायचं नंतर.

वस्तूच्या बुडाला त्रिकोणात आकडा असतो, 2 म्हणजे एचडीपीई, 3 पीव्हीसी, 5 पीपी, 6 पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर कडेचा बारीक तुकडा कापून पाण्यात टाका आणि बोटाने एकदा खाली दाबा, परत वर आला तर पीपी किंवा पॉलिथिन, तळाला गेला तर एबीएस (रिमोट-खेळण्यांचं कडक प्लास्टिक), पीव्हीसी (पाइपचं प्लास्टिक) वगैरे.

तरंगणाऱ्या प्लास्टिकला वितळवूनच जोडायचं. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरतं, फक्त जुनं बिट (आयर्नचं टोक) लावा कारण ते नंतर सोल्डरिंगच्या कामाचं राहत नाही. तडा जिथे संपतो तिथे 2-3 मिमीचं भोक पाडा, हे टाळू नका, नाहीतर चीर पुढे सरकतच राहते. मग तड्यावर व्ही आकाराची खाच करा, स्टेपलरच्या पिना आडव्या ठेवून गरम टोकाने आत दाबा आणि वरून त्याच प्लास्टिकची पट्टी वितळवून खाच भरा. पीपीला पीपीच हवं, बादली पीपीची असेल तर 5 आकड्याचा जेवणाच्या पार्सलचा डबा कापून मस्त पट्ट्या निघतात. पीपी साधारण 160 अंशाला वितळतं आणि आयर्न त्याच्या कितीतरी जास्त तापतं, तेव्हा हात सतत हलता ठेवा, धूर निघाला म्हणजे प्लास्टिक जळतंय आणि जळलेला सांधा टिकत नाही. आतून बाहेरून दोन्हीकडून करा, खिडकी उघडी ठेवा, आणि गार आपोआप होऊ द्या.

रिमोट, खेळणी, मशीनची कव्हरं बऱ्याचदा एबीएसची असतात आणि आतल्या बाजूला तसं लिहिलेलंही सापडतं. इथे काम फार सोपं आहे, एसीटोनमध्ये एबीएस विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हर घेताना बाटली वाचा, बरेचसे आता एसीटोन नसलेले येतात. त्याच रंगाचे तुकडे काचेच्या बाटलीत एसीटोन घालून रात्रभर ठेवा, दाट पेस्ट होते, ती लावून रबरबँडने आवळून एक दिवस हात लावू नका. एसीटोन भडकन पेटतं, किचनमध्ये तर हे करूच नका.

एखादा टवका उडालाय आणि तुकडाच सापडत नाही, तर त्या जागी खाण्याचा सोडा भरून वर फेविक्विकचे थेंब सोडा, लगेच दगड होतो, मग कानशीने घासून आकार द्या. होताना गरम होतं, बोट लांब ठेवा. हे एबीएसवर चालतं, बादलीवर नाही.

पीव्हीसी पाइपला मात्र आयर्न अजिबात लावायचं नाही, जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि तो घसा, डोळे, छाती सगळ्याला वाईट. तडकलेला भाग सरळ कापा, टोकं पॉलिश पेपरने घासा, पाइप आणि कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) दोघांना सॉल्व्हंट सिमेंट (पीव्हीसी पाइपचा गोंद) लावून पाव वळसा देत आत घाला आणि अर्धा मिनिट घट्ट धरून ठेवा. पाणी किती वेळाने सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढं थांबाच.

आणि खुर्चीचा पाय किंवा हीटरची कांडी टाकतो ती बादली असेल तर जोडत बसू नका, नवीन आणा.