व्याख्यान, कार्यशाळा, चर्चागट : आयोजकांनो, या चुका टाळा

पत्रिकेवर वेळ सायंकाळी सहाची. 'आणखी थोडी मंडळी येऊ देत' म्हणत साडेसहा होतात. मग दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाचसहा जणांचे शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि वक्त्यांचा चार पानी परिचय. पाहुणे बोलायला उभे राहतात तेव्हा सव्वासात वाजलेले असतात आणि थोड्याच वेळात त्यांच्यासमोर चिठ्ठी येते : 'कृपया आटोपतं घ्या'. ग्रंथालयांच्या आणि मंडळांच्या सभागृहांत हे वर्षानुवर्षं चाललंय. वेळेवर आलेल्या माणसालाच ही शिक्षा असते. पुढच्या खेपेला तोही साडेसहाला येतो, किंवा येतच नाही.

सहा म्हणजे सहा. सुरुवातीचे दोनतीन कार्यक्रम अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे सुरू करावे लागतील, ते सोसा. शंभर खुर्च्या मांडूच नका. पन्नास मांडा, बाकीच्या भिंतीशी रचून ठेवा, लागतील तशा काढा. सत्कार एकच, वक्त्यांचा. परिचय दोन मिनिटांत संपवा. त्यांनी भूषवलेल्या पदांची यादी कुणाच्या लक्षात राहत नाही. आजच्या विषयावर त्यांनी काय काम केलंय, तेवढं सांगा.

माईक शिट्टी का मारतो?

कार्यक्रमाचा सर्वांत जास्त विचका ध्वनिव्यवस्थेमुळे होतो आणि तिची तपासणी नेमकी श्रोते आल्यावर 'हॅलो, हॅलो' करत होते. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो, वाढून परत स्पीकरमधून येतो, आणि हे चक्र फिरत राहिलं की शिट्टी वाजते. म्हणून स्पीकर वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा. वक्त्याच्या पाठीमागे कधीच नको. शिट्टी आली की बरेचजण माईकचं बोंड मुठीत धरतात. त्याने शिट्टी थांबत नाही, उलट वाढते. आधी आवाज कमी करा आणि वक्त्याला माईकजवळ यायला सांगा. तोंडापासूनचं अंतर दुप्पट झालं की माईकपर्यंत पोचणारा आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो. मग तो भरून काढायला ऑपरेटर आवाज वाढवतो आणि पुन्हा तीच शिट्टी.

तासभर आधी एकाला व्यासपीठावरून बोलायला लावा आणि स्वतः शेवटच्या रांगेत पंख्याखाली बसून ऐका. पंखे बंद ठेवून केलेली तपासणी फुकट जाते. पटांगणात कार्यक्रम असेल तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हे वक्त्यांना आधीच सांगून ठेवा.

साठजणांची कार्यशाळा

साठजण बसवले की ती कार्यशाळा राहत नाही, व्याख्यान होतं. मोडी लिपीची कार्यशाळा घ्या. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायचं. हात कुठे वळतो, हे शिकवणाऱ्याने प्रत्येकाच्या खांद्यावरून डोकावून पाहिल्याशिवाय अक्षर सुधारत नाही. जुन्या कागदात शब्दांमध्ये जागाही सोडलेली नसते, त्यामुळे शब्द कुठे तोडायचा हे उमगायलाच निम्मा वेळ जातो. एका शिक्षकामागे वीस-पंचवीसच्या वर माणसं घेऊ नका. जास्त नावं आली तर दुसरी तुकडी करा. थोडं का होईना, शुल्क ठेवा. फुकटात नाव नोंदवणारे ऐनवेळी गळतात आणि खरी गरज असलेला बाहेर राहतो. वही, पेन, बोरू काय आणायचं, ते नोंदणीच्या वेळीच कळवा.

चर्चागटाचं दुखणं वेगळं. तिथे तेच तिघे दर वेळी बोलतात. खुर्च्या गोल मांडा. रांगेत बसलेली माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, समोरच्याचं फक्त ऐकतात. ग्रंथालयात एकच प्रत असलेली जाडजूड कादंबरी निवडू नका. पंधरा मिनिटांत संपेल अशी कथा तिथेच मोठ्याने वाचा, म्हणजे 'मी वाचून आलो नाही' म्हणत कुणी मागे सरत नाही. पहिल्या फेरीत प्रत्येकाला एकेक मिनिट द्या, मग चर्चा मोकळी सोडा. न बोलणाऱ्या बाईंना शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' विचारलं की त्या 'छान होतं' म्हणून मोकळ्या होतात. त्यांना सुरुवातीलाच बोलतं करा.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी उठून दहा मिनिटांचं भाषण देतंच. चिठ्ठीवर प्रश्न मागवा आणि ते वाचणारा माणूस खंबीर नेमा. चिठ्ठीमुळे लाजरी माणसंही विचारतात, हा मोठा फायदा.

मानधनाचा आकडा निमंत्रणाच्या वेळीच स्पष्ट सांगा, पाकीट त्याच संध्याकाळी द्या. 'आपलेच आहेत' म्हणून प्रवासखर्चसुद्धा न विचारणं मला अजिबात पटत नाही. शेवटची एसटी साडेनऊची असेल तर कार्यक्रम त्या हिशेबाने आखा.

आणि तारीख पक्की ठेवा. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली पुण्याची वसंत व्याख्यानमाला उन्हाळ्यात भरते, हे पुणेकरांना वेगळं सांगावं लागत नाही. आपल्या गावात दर महिन्याचा दुसरा शनिवार ठरवा, पुढच्या कार्यक्रमाचा विषय आजच्या आभारप्रदर्शनात जाहीर करा, आणि फलकावर आजचा कागद काढताच पुढचा लावा.